सासूबाईंचं काळं मशीन आणि डबलबेडची गोधडी

प्रश्न: महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, वय ६१. बोरिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो. आईच्या आणि सासूबाईंच्या मिळून वीसेक साड्या कपाटात आहेत. बहुतेक सुती, काही नऊवारी. त्यांची एक गोधडी नातवाला आणि एक आमच्या डबलबेडला करायची आहे. हाताने शिवली असती, पण बोटांचे सांधे धरतात, सुई पकडवत नाही. सासूबाईंचं काळं पायमशीन घरात आहे. त्यावर साडीचे चार थर घालून पाहिले, तर वरची साडी पुढे सरकली, चुण्या पडल्या आणि दोन सुया मोडल्या. दुकानदाराने १२० टाक्यांचं कॉम्प्युटरवालं मशीन दाखवलं. मुलगी न्यू जर्सीला असते, ती म्हणते इथून खास क्विल्टिंगचं मशीन घेऊन येते. मिस्टर म्हणतात, आहे त्या मशीनला काय झालंय? ३०,००० रुपयांपर्यंत खर्च करू शकते. काय घेऊ? शिवाय आईची एक साडी जरीकाठाची आहे, ती गोधडीत घालावी का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर: ताई, नातवाची गोधडी तुमच्या काळ्या मशीनवरच होईल. तीस हजार तोवर बँकेत राहू द्या. डबलबेडचा प्रश्न वेगळा आहे, त्याकडे येतेच. पण आधी चुण्या का पडल्या ते नीट पाहू. ते एकदा कळलं की दुकानात गेल्यावर काय विचारायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

मशीनमध्ये कापड पुढे सरकवणारे दाते फक्त खालच्या बाजूला असतात. ते सगळ्यात खालच्या साडीला पकडून नेतात. वरचा फूट, म्हणजे सुईभोवतीचा दाबपाय, नुसता दाबून बसलेला असतो, तो जागचा हलत नाही. कापडाचे दोनच थर असतील तर वरचा थर खालच्याला चिकटून निमूट जातो. चार थर झाले, त्यात साड्या वर्षानुवर्षं धुऊन गुळगुळीत झालेल्या, की खालची साडी निघून जाते आणि वरची फुटाशी अडून राहते. टाक्यागणिक थोडी थोडी साचते आणि पुढची शिवण आडवी आली की तिथे दुमडते. हीच तुमची चुणी. यात तुमच्या हाताचा दोष नाही, सासूबाईंच्या मशीनचाही नाही. १२० टाक्यांच्या त्या मशीनचे दातेही खालीच असतात. चार साड्या त्याच्याखाली नुसत्या तशाच घातल्या तर त्यावरही चुणी पडणारच.

सुया मोडण्याचं कारणही बहुधा याच्याशीच जोडलेलं आहे. साडी अडली की आपण नकळत मागून ओढतो. ओढलं की सुई वाकते आणि खालच्या पत्र्यावर आपटते. ब्लाऊजसाठी लावलेली बारीक सुई असेल तर लगेच तुटते. चार थरांना १६ नंबरची सुई घाला, थर पातळ असतील तर १४ चालेल. आणि सलग आठेक तास शिवण झालं की सुई बदला, ती मोडायची वाट पाहू नका. बोथट सुई साडीचे धागे तोडते, आणि जुन्या साडीला ते सोसत नाही.

चुण्यांवर उपाय आहे, त्याचं नाव वॉकिंग फूट. नेहमीच्या फुटापेक्षा हा बराच मोठा दिसतो. त्याच्या पोटात स्वतःचे दाते असतात आणि बाजूला एक दांडी असते, ती सुईच्या स्क्रूवर बसवायची. सुई वरखाली झाली की दांडी हलते आणि वरचे दाते खालच्या दात्यांबरोबर पाऊल टाकतात. चारही थर एकत्र जातात. बहुतेक काळ्या घरगुती मशिनांना ‘लो शँक’ प्रकारचा, म्हणजे बुटक्या दांडीचा फूट लागतो आणि त्या मापाचे वॉकिंग फूट सहज मिळतात. तरी दुकानात जाताना सध्याचा फूट काढून बरोबर न्या आणि मापाला माप लावून बघा. या फुटाने सरळ रेघा आणि मोठी, सावकाश वळणं उत्तम येतात. उलट शिवण मात्र त्यावर करू नका, फुलापानांचे बारीक आकार काढायचा हट्टही नको.

आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. आपल्या गोधडीला टाका लागतो तो एकच, सरळ धावता. ओळीला ओळ लागून गेलेल्या त्या टाक्यांनीच गोधडी टिकते आणि शोभतेही. १२० पैकी ११९ टाके तुम्ही कधी वापरणार नाही. त्यांच्यासाठी पैसे मोजू नका, असं मी ठाम सांगते.

सरळ टाक्याच्या बाबतीत काळं मशीन खरं म्हणजे नव्यांपेक्षा सरस आहे. त्याच्या पत्र्याला सुईपुरतं एकच गोल भोक असतं, त्यामुळे कापड आत खेचलं जात नाही आणि टाका सरळ बसतो. झिगझॅग करणाऱ्या मशीनच्या पत्र्यावर आडवी लांब फट असते, कारण तिथे सुई डावी-उजवीकडे हलायची असते. मऊ साडी त्या फटीत घुसते. दुसरं, तुमचं मशीन लाकडी टेबलात बसवलेलं आहे, म्हणजे शिवणाची पातळी आणि टेबलाची पातळी एकच. गोधडी सपाट पसरते. टेबलावर ठेवायचं नवं मशीन तीन-चार इंच उंच उभं राहतं, गोधडी त्याच्या कडेवरून खाली लोंबते आणि तिचं वजन सुईला ओढत राहतं. म्हणून तशा मशीनला जोडटेबल वेगळं घ्यावं लागतं. तिसरं, ओतीव लोखंडाचं वजन. जाड थर शिवताना ते जागचं हलत नाही.

तेव्हा आधी मशीन दुरुस्तीवाल्याला बोलवा. तो कुठे सापडेल म्हणाल तर तुमच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या शिंप्याला विचारा, त्याचं मशीन कोण बघतं ते. ज्याचं पोट मशीनवर आहे त्याच्याकडे खात्रीचा माणूस असतोच. त्याला सांगा की जुनं वाळलेलं तेल काढून पूर्ण सफाई करायची आहे. पुष्कळ घरांत वर्षानुवर्षं खोबरेल घातलेलं असतं, ते चिकट होऊन आत बसतं आणि मशीन जड चालतं. यापुढे फक्त मशीनचं पांढरं तेल. चामड्याचा पट्टा सैल झाला असेल तर बदलून घ्या. खालच्या दोऱ्याची बॉबिन तपासून घ्या. गोल चपटी असेल तर बॉबिन, बॉबिन केस, सुया सगळं शिवणसामानाच्या दुकानात मिळतं. लांबट शटलचं फार जुनं मशीन निघालं तर सुटे भाग शोधावे लागतील, मग माझा सल्ला थोडा बदलेल, तो खाली दिला आहे.

त्याच माणसाकडून एक गोष्ट शिकून घ्या. मशीनच्या डोक्यावर, फुटाच्या दांडीच्या बरोबर वर एक स्क्रू असतो. तो सैल केला की फुटाचा दाब कमी होतो. जाड थरांना दाब कमीच हवा. चुण्यांचं निम्मं दुखणं याने जातं, आणि अनेक स्वस्त नव्या मशिनांना ही सोयच नसते.

गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. पायाने चालवणं जड जात असेल तर याच मशीनला मागच्या बाजूने छोटी घरगुती मोटर आणि पायाचं बटण लावता येतं. दुरुस्तीवाला घरी येऊन बसवतो. मात्र मोटरवर पहिले काही दिवस चादरीच्या तुकड्यांवर हात बसवा, कारण ती एकदम पळते. पायमशीन हवं तितकं हळू चालतं, हा त्याचा मोठा गुण आहे. बोटं दुखत असताना गोधडी आवरायला हळू चालणारं मशीनच बरं.

आता शिवण्याच्या पद्धतीबद्दल, कारण मशीन कितीही चांगलं असलं तरी इथे चुकलं की सगळं फसतं. आपल्याकडे हाताची गोधडी कडेने सुरू करून आत आत शिवत नेतात. हाताची सुई प्रत्येक टाक्याला सगळ्या थरांतून आरपार जाते, वरचा थर ढकलत नाही, म्हणून ते जमतं. मशीन थोडं तरी ढकलतंच. कडेने सुरू केलंत तर ढकललेलं सगळं कापड मधे गोळा होईल आणि ते काढायला वाट उरणार नाही. म्हणून मशीनवर मधली रेघ आधी, मग तिच्या एका बाजूने कडेकडे, मग दुसऱ्या बाजूने. सुरू करण्यापूर्वी चारही थर जमिनीवर पसरून, हाताने सारखे करून, चार-चार बोटांवर सेफ्टी पिना लावा. कच्चा टाका घातला तर उत्तमच, पण तुमच्या बोटांना पिना बऱ्या. टाका मोठा ठेवा, तीन मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाक्याने जुनी साडी कागदासारखी भोकाभोकाने फाटते. हातात रबराचे ठिपके असलेले सुती हातमोजे घाला, कापड धरायला बोटांचा जोर लागत नाही.

नातवाची गोधडी ३६ बाय ४५ इंच पुरे. हे माप काळ्या मशीनखालून आरामात जातं.

डबलबेडची गोधडी मात्र ९० बाय १०५ इंचांच्या घरात जाईल. तिथे कळीचं माप एकच: सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतची जागा. मशीनवाले तिला थ्रोट म्हणतात. गोधडीची मधली रेघ शिवताना निम्मी गोधडी, म्हणजे ४५ इंच रुंदीची चार थरांची गुंडाळी, या जागेत कोंबावी लागते. तुमच्या मशीनवर पट्टी लावून बघा, साडेसहा-सात इंच भरेल. गुंडाळी बसेल कशीबशी, पण हात हलवायला जागा उरणार नाही आणि दुखऱ्या बोटांनी ती ओढत बसावं लागेल. ते करा असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आता दुकानातल्या मशीनकडे या. तीस हजारांच्या आत मिळणाऱ्या बहुतेक घरगुती मशिनांची ही जागा तुमच्या काळ्या मशीनइतकीच असते, कित्येकांची कमीच. म्हणजे तुम्ही १२० टाके विकत घ्याल आणि अडचण जिथे आहे तिथेच राहील. खास गोधडीसाठी बनवलेली मशिनं वेगळी असतात. जुकी कंपनीच्या टीएल मालिकेतलं मशीन फक्त सरळ टाका घालतं, मिनिटाला १,५०० टाक्यांपर्यंत जातं, जागा साडेआठ इंचांच्या आसपास असते आणि फूट गुडघ्याने उचलता येतो. जानोमेच्या मोठ्या मशिनांत नऊ इंचांपर्यंत आणि त्याहूनही जास्त जागा मिळते. पण ही सगळी तुमच्या बजेटच्या बरीच पुढची आहेत. दोन गोधड्यांसाठी तेवढा खर्च करू नये. वर्षाला पाच-सहा करणार असाल, विकायच्या असतील, तर बोलू.

त्याऐवजी गोधडीच भागांत करा. ३० इंच रुंद आणि १०५ इंच लांब अशा तीन पट्ट्या. प्रत्येक पट्टीचे थर वेगळे लावायचे, प्रत्येक वेगळी शिवायची. आता मशीनखाली जास्तीत जास्त १५ इंचांची गुंडाळी येते, आणि ती सात इंचांत सहज मावते. मग तिन्ही पट्ट्या शेजारी शेजारी जोडायच्या आणि जोडावर, वरून आणि खालून, साडीच्या काठाची पट्टी लावायची. नऊवारीचा काठ आठ मीटरच्या आसपास लांब असतो. दोन जोड आणि दोन्ही बाजू मिळून साधारण पावणेअकरा मीटर काठ लागेल, म्हणजे एका साडीचे दोन्ही काठ काढले की पुरून उरतात. मला स्वतःला अशी गोधडी अखंड गोधडीपेक्षा जास्त आवडते. प्रत्येक पट्टी एकेका बाईच्या साड्यांची करता येते: एक आईची, एक सासूबाईंची, मधली दोघींची मिळून.

खालच्या थराला जुन्या साड्या कमी पडल्या तर मांजरपाट घ्या. मंगलदास मार्केटला किंवा दादरला हिंदमाताला मिळेल. आणल्या आणल्या धुवा, तो आटतो. न धुता लावला तर पहिल्या धुण्यात खालचा थर आखडेल आणि वरच्या साड्यांना सुरकुत्या येतील.

मुलीला मशीन आणू नका म्हणून सांगा. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिथलं मशीन इथे थेट लावलं तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं, पण तो वेगळा घ्यायचा, टेबलाखाली ठेवायचा, आणि कुणी चुकून प्लग थेट भिंतीत घातला की संपलं. वॉरंटी इथे लागू होईल याचा भरवसा नाही, सुटा भाग हवा झाला तर पुन्हा तिच्याकडेच हात पसरायचे. तिला खरंच काही द्यायचं असेल तर तुमच्या मशीनच्या मापाचा वॉकिंग फूट, क्विल्टिंगच्या सुयांची दोन-चार पाकिटं आणि ते ठिपक्यांचे हातमोजे आणायला सांगा. सगळं मिळून बॅगेच्या एका कोपऱ्यात बसतं. फुटाचा फोटो आणि उंची आधी पाठवा म्हणजे माप चुकणार नाही.

मुंबईत अजून एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल: कारखान्यातलं सेकंडहँड जुकी घ्या, जागा मोठी, टिकतं जन्मभर. मशीन चांगलंच असतं, दहा इंचांहून जास्त जागा असते, यात शंका नाही. पण त्याचं टेबल चार फूट लांब असतं आणि त्याच्याशिवाय मशीन चालवता येत नाही. वन बीएचकेमध्ये ते कायमचं ठाण मांडेल. जुनी क्लच मोटर शिवत नसतानाही घरघरत राहते, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ते ऐकू जातं. पाय दाबला तरच फिरणारी सर्व्हो मोटर लावली तर आवाज जातो आणि वेगही आवरता येतो. तरी हे मशीन मिनिटाला पाच हजार टाक्यांसाठी बनवलेलं, शर्टाच्या लांब शिवणींसाठी. त्याची सुई वेगळी, फूट वेगळा, तुमच्या घरच्या मशीनचं सामान त्याला बसणार नाही. घरात एक खोली रिकामी असती तर मी वेगळं बोलले असते.

एवढं सगळं सांगूनही, काळं मशीन दुरुस्त होण्यापलीकडे गेलं असेल किंवा त्याचे सुटे भागच मिळत नसतील तर? मग विजेवर चालणारं साधं घरगुती मशीन घ्या, दहा-पंधरा हजारांच्या घरातलं. उरलेल्या पैशांत जोडटेबल आणि वॉकिंग फूट येईल. उषा जानोमे, सिंगर, ब्रदर, कुणाचंही चालेल, पण या गोष्टी स्वतः बघा. सुई कुठे थांबवायची हे ठरवता येतं का? गोधडी वळवताना सुई खाली रुतलेली हवी. वेग कमी करायची पट्टी आहे का? फुटाचा दाब बदलता येतो का? फूट एकदा उचलल्यावर हाताने आणखी वर जातो का, म्हणजे जाड थर आत सारता येतात? बोरिवलीच्या आसपास त्यांचा दुरुस्तीचा माणूस घरी येतो का, की मशीन उचलून लोकलने न्यावं लागेल?

आणि दुकानात जाताना स्वतःचे चार थर घेऊन जा. एक फूट लांबरुंद चौकोन, पिना लावलेला, मधे एखादी जाड शिवण येईल असा. दुकानदार नेहमी पोपलिनच्या दोन थरांवर शिवून दाखवतो आणि त्यावर सगळीच मशिनं सुरेख चालतात. तुम्ही तुमच्या चौकोनावर शिवायला सांगा, शक्यतो वॉकिंग फूट लावून. सगळ्यात कमी वेगावर जाड शिवणीवरून मशीन न अडखळता जातं का ते पाहा. मग चौकोन उलटा करा. खालचा टाका वरच्यासारखाच दिसला पाहिजे. खाली दोऱ्याचे फासे दिसले तर ताण जुळवून पुन्हा शिवायला लावा, घाईने पैसे देऊ नका.

कुठलंही मशीन असो, पावसाळ्यात ते खिडकीपासून लांब ठेवा. वर प्लॅस्टिक नको, आत दमटपणा कोंडतो आणि लोखंडावर गंज धरतो. सुती चादर घाला, आणि महिन्यातून दोनदा तेलाचे थेंब देऊन पाच मिनिटं नुसतं चालवा. साड्यांचा भुगा बॉबिनपाशी फार साठतो, तो ब्रशने काढत जा.

आता जरीकाठाची साडी. नातवाच्या गोधडीत नको, जरीची तार मुलाच्या अंगाला टोचते. डबलबेडच्या गोधडीत जरूर घाला, पण काठावरून मशीनची सुई नेऊ नका. जरीचं वेष्टण तुटतं, तुकडे वर येतात आणि सुईही लवकर बोथट होते. काठ अखंड काढून घ्या, वरच्या थरावर पायाच्या बाजूला आडवा लावा आणि त्याच्या दोन्ही कडांना, जरीला न शिवता, सुती भागातून हाताने लांब टाके घ्या. एवढं तुमच्या बोटांना रोज थोडं थोडं करून जमेल, नाहीतर मिस्टरांना सुई हातात द्या. साडी रंगीत असेल तर आधी पांढरा ओला रुमाल तिच्यावर दाबून बघा. रंग लागला तर ती आधी वेगळी, रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात बाकीच्या साड्यांवर डाग पडतील.